परवान्याची बंदूक

भारतात बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क नाही. सरकारने घातलेल्या अटी पाळण्याच्या बोलीवर मिळणारी ती मुभा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणालाही अग्निशस्त्र किंवा काडतूस मिळवता येत नाही, जवळ ठेवता येत नाही आणि बरोबर घेऊन फिरता येत नाही. घरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या, एकदाही न उडवलेल्या बंदुकीलाही हे लागू होते. कायद्याला आधी पाहायचा असतो तो ताबा. वापराचा प्रश्न नंतर येतो.

ही भूमिका वसाहतकाळातून आली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने देशभर शस्त्रे काढून घेण्याचे धोरण राबवले आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, त्याला कायमचे कायदेशीर रूप दिले. त्या कायद्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा होता आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. राष्ट्रीय चळवळीला हा अपमान कायम सलत राहिला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदवलेला होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तो घटनेत आणण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. हक्क सरसकट दिला की तो गुन्हेगाराच्या हातीही जातो, त्यामुळे नियंत्रणाची दोरी राज्याकडेच राहिली पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये शस्त्रांचा उल्लेख येतो तो उलट्या बाजूने: नागरिकांना जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

तरीही १९५९ चा कायदा जुन्या कायद्याइतका कडक ठेवायचा, असा स्वतंत्र भारताच्या संसदेचा हेतू नव्हता. सचोटीच्या नागरिकाला स्वसंरक्षणासाठी शस्त्र मिळणे सोपे व्हावे, असे त्याच्या उद्देशांतच म्हटले होते. पकड घट्ट झाली ती पुढच्या दुरुस्त्यांनी. १९८३ मध्ये एका माणसाने किती शस्त्रे ठेवावीत याला मर्यादा आली, ती तीन. डिसेंबर २०१९ मध्ये ती दोनवर आली. दरम्यान १९६२ चे नियम जाऊन शस्त्र नियम, २०१६ आले आणि अर्जापासून साठवणुकीपर्यंत सगळे नव्याने लिहिले गेले. न्यायालयातही हा वाद गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी १९९३ मध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क जीविताच्या हक्कातच सामावलेला आहे, असा निकाल दिला होता. त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो लवकरच मोडीत काढला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या एका प्रकरणात अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क आहे आणि भारतात नाही, हा मूळ फरक अधोरेखित केला.

कोणते शस्त्र मागता येते, हे बोअरवर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासावर, ठरते. कायदा अग्निशस्त्रांची दोन गटांत विभागणी करतो: प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी स्वयंचलित शस्त्रे पहिल्या गटात येतात. लष्कर आणि पोलीस वापरतात ती .३०३, ७.६२ मिमी, ९ मिमी, .४५ अशी बोअरही त्यातच. त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाने स्वतःकडे ठेवला आहे आणि तो क्वचितच वापरला जातो. सर्वसामान्य परवानाधारकाच्या वाट्याला दुसरा गट येतो: १२ बोअरची सिंगल किंवा डबल बॅरल बंदूक, .३१५ ची रायफल, .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२ ची रायफल. यांतील .३१५ हे बोअर मुळात वेगळे ठेवले गेले ते लष्करी काडतूस खासगी रायफलीत चालू नये म्हणून. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्तवरील दहशतवादाचा आरोप टिकला नाही, पण एके ५६ रायफल आणि ९ मिमी पिस्तूल बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली तो दोषी ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोष कायम ठेवून शिक्षा सहावरून पाच वर्षांवर आणली. प्रतिबंधित शस्त्राचा नुसता ताबाही किती महाग पडतो, याचे महाराष्ट्राला सर्वाधिक ठाऊक असलेले उदाहरण हेच.

परवान्याच्या कक्षेबाहेरही काही शस्त्रे आहेत. ०.१७७ इंचापर्यंत नळी आणि २० ज्यूलपर्यंत मारक ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्यामुळे दहा मीटर नेमबाजी शिकणारी शाळकरी पोरे कोणत्याही कचेरीत न जाता सराव करू शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते मात्र पन्नास मीटर रायफल प्रकारात. तिथे .२२ ची खरी रायफल लागते आणि परवान्याचे सगळे नियम सुरू होतात. नामवंत नेमबाजांना केंद्र सरकारने दोन शस्त्रांच्या मर्यादेतून सूट दिली आहे.

तलवारीचे प्रकरण निराळे आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे कायद्याने शस्त्रांतच मोडतात, पण परवान्याची सक्ती कलम ४ खाली अधिसूचित केलेल्या भागांतच असते. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. ऊसतोड कामगाराचा कोयता म्हणूनच शस्त्र ठरत नाही. तोच कोयता मध्यरात्री शहरातल्या चौकात फिरवला की मात्र पोलीस ‘आर्म अॅक्ट ४/२५’ लावतात आणि ते हत्यार तिथे कशासाठी होते, याचा वाद न्यायालयात रंगतो.

परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला आणि मुंबई, पुणे, नागपूरसारख्या आयुक्तालयांत पोलीस आयुक्ताला असतो. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून संपल्यावर पाच वर्षे त्याला शस्त्र धरता येत नाही. शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून दिलेला माणूस त्या मुदतीत अपात्र असतो. अर्जाबरोबर ओळख आणि रहिवास यांचे पुरावे, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि २०१६ पासून, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी बंदूक कशी भरतात हे ठाऊक नसलेल्या माणसालाही परवाना मिळत असे. नव्या नियमांतली सर्वांत शहाणपणाची अट कोणती, असे विचारले तर ती ही.

त्यानंतर कागद पोलिसांकडे जातो. स्थानिक ठाण्यातून चौकशी होते, गावात पोलीस पाटलाकडे विचारणा होते, दाखल गुन्हे तपासले जातात आणि अहवाल अधीक्षकांमार्फत वर येतो. नियमांनी पोलिसांना त्यासाठी तीस दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयासाठी परवाना अधिकाऱ्याला साठ दिवस दिले आहेत. मुदतीत अहवाल आला नाही तर त्याच्याविना निर्णय घेण्याची मोकळीकही कायद्यात आहे. व्यवहारात अशी मोकळीक घेणारा अधिकारी विरळा. एखाद्या परवान्यावरच्या शस्त्राने उद्या कोणाचा जीव गेला तर सही कोणाची, हा प्रश्न फाइलवर लिहिलेला नसतो, पण प्रत्येक टेबलावर तो असतोच. नाकारायचे तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही. बंदूक श्रीमंतांचीच असावी, हे वसाहतकाळचे गृहीतक १९५९ मध्ये या एका वाक्याने पुसले गेले.

परवाना मिळाला की त्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होते आणि धारकाला एकमेव ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेले जुने परवाने मुदतवाढी देऊन देऊन अखेर २०२० मध्ये अवैध ठरवले गेले. हा कोश का लागला, हे जम्मू-काश्मीरच्या प्रकरणावरून कळते. २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या जिल्ह्यांतून अडीच लाखांहून अधिक परवाने दिले गेले आणि त्यांतले पुष्कळ बाहेरच्या, अपात्र माणसांना विकले गेल्याचा आरोप ठेवून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला. २०१६ अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशातील ३३ लाख ६९ हजार चालू परवान्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशातले होते. लोकसंख्येने कितीतरी लहान असलेले जम्मू-काश्मीर ३ लाख ६९ हजारांनिशी दुसऱ्या क्रमांकावर होते. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे ८४ हजार होती. उत्तरेत लग्नाच्या वरातीत बंदूक मिरवते तशी ती मराठी मुलखात मिरवत नाही, ही समजूत या आकड्यांशी जुळते. बीडसारखे अपवाद सोडून; त्यांविषयी पुढे.

परवाना कशासाठी मागितला आहे, यावर कायदा दोन वेगळी मापे लावतो आणि ही गोष्ट बहुतेक परवानाधारकांनाही माहीत नसते. कलम १३ च्या पोटकलम ३ मध्ये भाषा एकदम बदलते. वीस इंचांहून आखूड नसलेल्या, गुळगुळीत नळीची बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, किंवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी हवी असेल, तर अपात्रतेचे कारण नसताना परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. ‘देऊ शकेल’ असे तिथे नाही. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची तरतूदही तिथेच आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी हेच माप लागते. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल या बाकीच्या सगळ्यांसाठी मात्र अर्जदाराने सबळ कारण दाखवायचे आणि ते अधिकाऱ्याला पटायचे. म्हणजे कायद्याने दार शेतकऱ्यासाठी सताड उघडे ठेवले आणि पिस्तूलवाल्यासाठी किलकिले. प्रत्यक्षात गर्दी दुसऱ्या दारातच जास्त.

याचे कारण पिस्तुलाच्या मोलात आहे. खंडणीची धमकी आलेला व्यापारी, मोठी रोकड ने-आण करणारा सराफ, साक्षीदार अशांना खरोखर धोका असतो आणि नियमही धोक्याचे स्वरूप तपासायला सांगतात. पण कमरेला लावलेले पिस्तूल प्रतिष्ठा दाखवते, हे तालुक्याच्या राजकारणात कोणालाही सांगावे लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातील परवान्यांची संख्या चर्चेत आली. बाराशेहून अधिक परवाने, त्यांत गुन्हे दाखल असलेली माणसे आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती. पुढच्या काही आठवड्यांत जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. गुन्हे दाखल असल्याची माहिती त्याच पोलीस ठाण्यांच्या दप्तरांत होती, जिथून चारित्र्य पडताळणीचे अहवाल जातात. ती पाहायला एका खुनाची वाट पाहावी लागली, ही या प्रकरणातली खरी बातमी होती.

कोकणात आणि गोव्यात चित्र वेगळे दिसते. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सत्तरी, सांगे, काणकोण या पट्ट्यात परवान्याची बंदूक म्हणजे बहुधा शेतीसंरक्षणाची बंदूक: ठासणीची किंवा एकनळी. सातबारा जोडायचा, पिकाची आणि उपद्रवाची माहिती द्यायची, परवान्यात नमूद असेल तेवढ्या जमिनीपुरती ती वापरायची. भात पोटरीला आले की डुकरांचा कळप एका रात्रीत मळा लोळवून जातो. नारळ, काजू, आंबा यांवर वानर-माकडांची धाड असते आणि घाटाखालच्या गावांत गवे उभ्या पिकात उतरतात. या बंदुकीचे निम्मे काम आवाजाचे असते. बार काढला की कळप पांगतो. निदान त्या रात्रीपुरता.

त्यापलीकडे, जनावर मारण्याची परवानगी बंदुकीच्या परवान्यात नसते. ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वेगळी घ्यावी लागते. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारण्याचा लेखी आदेश मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हा अधिकार वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणून ठेवला. गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत; त्यांच्याबाबत शेतकऱ्याच्या बंदुकीला काहीच स्थान नाही. एक परवाना गृह खात्याचा, दुसरा वन खात्याचा, आणि दोन्ही हाती येईपर्यंत पीक उभे राहील याची खात्री नसते. आत्मसंरक्षणासाठी सद्‍भावनेने जनावर मारले गेल्यास गुन्हा होत नाही, एवढी सवलत मात्र कलम ११ मध्येच आहे. दुसऱ्या टोकाला, शेतीसंरक्षणाच्या नावाने घेतलेली बंदूक रात्री पारधीला बाहेर पडते आणि झुडपातल्या हालचालीवर झाडलेला बार सोबत्यालाच लागतो, अशा बातम्याही कोकणातल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. अशा वेळी शस्त्र अधिनियम, वन्यजीव अधिनियम आणि मनुष्यवधाची कलमे असे तीन कायदे एकदम लागू होतात.

अभयारण्याच्या शेजारी राहणाऱ्यावर आणखी एक बंधन आहे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन खात्याकडे नोंदवायचे असते. त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. कागदावर ही साधी खबरदारी वाटते. गोव्याचा नकाशा समोर ठेवला की तिचा आवाका ध्यानात येतो. म्हादई, बोंडला, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव अशी अभयारण्ये राज्याच्या पूर्व कडेने जवळजवळ सलग पसरली आहेत. दहा किलोमीटरची रेघ ओढली की सह्याद्रीच्या पायथ्याची बहुतेक शेती तिच्या आत येते. म्हणजे जनावरांचा त्रास जिथे सर्वांत जास्त, तिथेच बंदूक मिळणे सर्वांत अवघड. कोयना, चांदोली, राधानगरीच्या भोवतीही हेच. हा विरोधाभास कायदा करणाऱ्यांना दिसला नव्हता असे नाही. अभयारण्यातील जनावर वाचवायचे तर बंदूक दूर हवी, ही बाजू त्यांनी निवडली. शेतकऱ्याला त्याबदल्यात काय द्यायचे, हा हिशेब मात्र त्या कलमात नाही.

दक्षिणेला थोडे पुढे, कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, याच देशात निराळाच बंदोबस्त आहे. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमिनीच्या धारकांना इंग्रजी काळापासून परवान्यातून सूट आहे. त्यांच्या कैलपोळ्दु सणात बंदुकांची पूजा होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ही सूट दहा वर्षांसाठी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. एका समाजाला ती का आणि शेजारच्याला का नाही, याचे उत्तर परंपरेपलीकडे मिळत नाही.

परवाना हाती आल्यावर शस्त्र परवानाधारक दुकानातूनच, ठरल्या मुदतीत घ्यायचे असते. विकत घेतल्यावर त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यावा लागतो. परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे जुन्या वेब्ली-स्कॉटला इथे तिच्या वयाला न शोभणारा भाव येतो. बाकी बाजार आयुधनिर्माणींचा: कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर, इशापूरची रायफल. महिलांसाठी म्हणून २०१४ मध्ये कानपूरने ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर काढले. किंमत सव्वा लाखाच्या घरात असल्याने ते नेमके कोणत्या महिलांसाठी, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. गेल्या काही वर्षांत खासगी कारखान्यांनाही उत्पादनाची परवानगी मिळाली आहे. काडतुसांचा संबंध पुण्याशी आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची १२ बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे देशभरातल्या बंदुकवाल्यांच्या परिचयाची आहेत. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हे दोन्ही आकडे परवान्यावर लिहिलेले असतात आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते.

परवान्याची मुदत २०१९ पर्यंत तीन वर्षे होती, ती आता पाच आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी करायचा. मुदत संपून गेलेला परवाना खिशात आणि बंदूक घरात, ही अवस्था कायद्याच्या नजरेत विनापरवाना ताब्याच्या जवळ जाते, आणि अनेक सरळमार्गी माणसे गुन्हेगार ठरण्याच्या उंबरठ्यावर येतात ती अशीच, विसरभोळेपणातून. शस्त्र बाहेर नेताना पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि लांब नळीची बंदूक आवरणात झाकलेली हवी. ती कोणाला दिसेल अशी मिरवायची नाही आणि सार्वजनिक ठिकाणी उडवायची नाही. लग्नात, मिरवणुकीत, वाढदिवसाला हर्षभराने काढलेला बार २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घरातले शस्त्र कुलपात हवे आणि रिकामे हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. ती बातमी विनोदाचा विषय झाली, पण ठेवताना-काढताना होणारे अपघात हाच या शस्त्रांचा मालकाला असलेला नेहमीचा धोका आहे.

परवाना माणसाचा असतो, घराण्याचा किंवा घराचा नसतो. मुलाने, भावाने, नोकराने ते शस्त्र स्वतंत्रपणे वापरणे हा देणाऱ्याचाही गुन्हा ठरतो. मालकाच्या शस्त्राची राखण करणाऱ्या ‘रिटेनर’चे नाव परवान्यावर चढवावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणातच हत्या झाली. वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, उत्तर प्रदेशातील परवान्याचे होते, असे पोलिसांनी सांगितले आणि अंगरक्षकालाही शस्त्र अधिनियमाखाली अटक केली. शस्त्र परक्याच्या हाती पडू देऊ नये, ही परवान्यावर छापलेली अट तोवर बहुतेकांनी वाचलेलीही नसते.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकाला पोलीस ठाण्यातून निरोप येतो: शस्त्र जमा करा. पूर्वी हे सरसकट होई. गोव्यातील एका परवानाधारकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरसकट आदेशाला आक्षेप घेतला. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समितीने कोणाकडून शस्त्र घ्यायचे हे एकेका प्रकरणात ठरवावे, अशी पद्धत त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांत आली. गुन्हे दाखल असलेले, दंगलीत नाव आलेले, जामिनावर सुटलेले लोक आधी पाहायचे. बँकांचे रक्षक आणि स्पर्धेतील नेमबाज वगळायचे. तरी खालच्या पातळीवर सगळ्यांनाच निरोप धाडण्याची सवय पुरती गेलेली नाही. कोकणातल्या शेतकऱ्याला त्याचा फटका मोसमानुसार बसतो. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होती, म्हणजे काजू-आंब्याच्या ऐन हंगामात. विधानसभेची ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरच्या सुमाराला, म्हणजे भात कापणीला. एका वर्षात दोन्ही पिकांच्या वेळी बंदूक ठाण्यात. निकालानंतर ती आठवडाभरात परत द्यावी, असे आयोगाचे म्हणणे आहे.

परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ देते: सार्वजनिक शांतता, खोटी माहिती, अटींचा भंग, अपात्रता. कारणे लेखी द्यावी लागतात. केवळ गुन्हा दाखल झाला म्हणून परवाना आपोआप रद्द होत नाही. त्याचा शांततेशी किंवा शस्त्राशी संबंध दाखवावा लागतो, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा बजावले आहे. नकार किंवा रद्द करण्याच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्ताच्या आदेशावर राज्य शासनाकडे. दुसऱ्या वाटेने फाइल मंत्रालयात पोचते आणि तिथे कायद्याबरोबर राजकारणाचा वाराही लागतो.

शिक्षांची उतरंड कायदा कोणाला घाबरतो हे सांगते. परवान्याची एखादी अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. साधे शस्त्र विनापरवाना बाळगले तर दोन ते पाच वर्षे. प्रतिबंधित शस्त्राला सात ते चौदा. बेकायदा कारखान्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पोलिसाचे शस्त्र हिसकावले तर दहा वर्षांपासून जन्मठेप. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बंदुकीने झालेल्या खुनांत विनापरवाना शस्त्रांचाच वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. मुंगेरचे किंवा सातपुड्याच्या पलीकडून, उमर्टीसारख्या गावांतून येणारे गावठी कट्टे ना नोंदवहीत असतात ना निवडणुकीत जमा होतात. नियमांचा जाच सोसतो तो नोंदवहीतला माणूस.

बंदूक विकायची असेल तर परवानाधारकाने पंचेचाळीस दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे आणि परवाना असलेल्यालाच विकायची. २०१९ मध्ये दोनची मर्यादा आल्यावर ज्यांच्याकडे तिसरे शस्त्र होते त्यांनी ते वर्षभरात ठाण्यात किंवा दुकानात जमा करणे बंधनकारक झाले. वारशाने आलेल्या बंदुकाही त्या मर्यादेतच धरल्या गेल्या. परवानाधारक वारला तर त्याच्या घरच्यांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायचे असते. मृत्यूचा दाखला, इतर वारसांचे नाहरकत पत्र आणि स्वतःचा अर्ज अशी कागदपत्रे देऊन वारसांपैकी एकाला परवाना मागता येतो. मृत्यूची वाट न पाहताही, वयाची सत्तरी गाठलेला किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगलेला धारक आपल्या हयातीत वारसाचे नाव सुचवू शकतो. वारसाला बंदूक नको असेल तर ती विकता येते. मुदतीत काहीच केले नाही तर जमा केलेले शस्त्र सरकारजमा होते.